कपाटातला आवाज : प्राध्यापक, कॅसेट आणि ग्रंथालयाचा देवघेव नियम

आमच्या ग्रंथालयाच्या काउंटरवर, काचेखाली, नियमांचा एक कागद असे. त्यातला अकरावा नियम असा : ‘दृक्‌श्राव्य साहित्य ग्रंथालयाबाहेर दिले जाणार नाही.’ हा कागद मीच टंकलिखित केला होता, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही. एका दुपारी मराठीचे एक प्राध्यापक आले. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला लोकगीतांची एक कॅसेट ऐकवायची होती. मी नियमावर बोट ठेवले. ते म्हणाले, “बरं, मग तुमचा टेप घेऊन तुम्हीच वर्गात या.” टेपरेकॉर्डर ग्रंथालयाचा नव्हता. तो भौतिकशास्त्र विभागाच्या डेडस्टॉकवर होता आणि विभागप्रमुखांच्या सहीशिवाय हलत नव्हता. कॅसेट आमच्याकडे, यंत्र त्यांच्याकडे, विद्यार्थी तिसऱ्या मजल्यावर. सर हसले, चहा प्यायले आणि गेले. ती कॅसेट माझ्या निवृत्तीपर्यंत एकदाही वाजली नाही. पडताळणीत मात्र दर वेळी ‘उपलब्ध’ म्हणून तिच्यापुढे बरोबरची खूण झाली.

धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत माझी नोकरी झाली. प्राध्यापकांना ध्वनिफिती, चित्रफिती, सीडी घरी किंवा वर्गात नेऊ द्याव्यात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी आहे. पण खानदेशात राहून त्याकडे पाहिले की तो तेवढा लहान राहत नाही, असे मला आता वाटते. नोकरीत असताना वाटत नव्हते.

आधी हा नियम कुठून येतो ते पाहू. देवघेवीचे धोरण म्हणजे शेवटी एक तक्ता असतो. आडवे सभासदांचे प्रकार : विद्यार्थी, संशोधक, शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी. उभे साहित्याचे प्रकार : पाठ्यपुस्तक, संदर्भग्रंथ, नियतकालिक, प्रबंध, सीडी. प्रत्येक चौकटीत तीन गोष्टी भरायच्या. किती नग, किती दिवस, उशीर झाला तर काय. पूर्वी हा तक्ता ग्रंथपालाच्या डोक्यात असे. आता ‘कोहा’सारख्या संगणकप्रणालीत तो खरोखरच तक्ता म्हणून भरावा लागतो. शिक्षक आणि पुस्तक जिथे भेटतात त्या चौकटीत आपण उदार असतो. विद्यार्थ्याला आठवडा-दोन आठवडे, तर सरांना सत्रभर, आणि प्रत्यक्षात ‘नो ड्यूज’चा दाखला मागायची वेळ येईपर्यंत. निवृत्तीच्या महिन्यात प्राध्यापकांच्या घरून रिक्षा भरभरून येणारी पुस्तके मी पाहिली आहेत. पण शिक्षक आणि सीडी यांच्या चौकटीत शून्य. पुस्तकासोबत आलेली सीडीसुद्धा आम्ही पाकिटातून काढून वेगळ्या कपाटात ठेवत असू. म्हणजे सरांना संगणकशास्त्राचे पुस्तक सहा महिने मिळे, पण ज्या सीडीवाचून त्यातले निम्मे प्रकरण कळत नाही ती मिळत नसे.

या शून्याचे खरे कारण ग्रंथपालाचा कंजूषपणा नव्हे, हिशेब आहे. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) ग्रंथालयातील पडताळणीचे कलम आहे. वर्षभरात दिल्या-वाचल्या गेलेल्या दर हजार खंडांमागे पाच खंड हरवले, तर ते नुकसान वाजवी समजावे. मात्र त्यात अप्रामाणिकपणा किंवा हयगय नसावी, असे ते सांगते. हे फार शहाणपणाचे कलम आहे. वापर म्हटला की थोडी झीज आलीच, हे सरकारने लेखी कबूल केले आहे. पण लगेच पुढची अट येते : एक हजार रुपयांहून अधिक किमतीचे पुस्तक किंवा किमतीचा विचार न करता कोणतेही दुर्मीळ पुस्तक हरवले, तर चौकशी झालीच पाहिजे. हे नियम राज्यातल्या महाविद्यालयांवर थेट बंधनकारक नाहीत, तरी पडताळणीच्या वेळी टेबलावर तेच येतात. आता गंमत पाहा. नियमात ‘खंड’ आणि ‘पुस्तक’ आहे; ध्वनिफीत, चकती यांचा उल्लेख नाही. माहितीपटाची संस्थांसाठीची प्रत बहुधा हजाराच्या वरच जाते. आणि लोकगीतांची स्थानिक कॅसेट चाळीस रुपयांची असली तरी पुन्हा बाजारात मिळत नाही, म्हणजे दुर्मीळ. दोन्हीकडून ग्रंथपाल अडकतो. सूट पुस्तकाला, चौकशी सीडीची. अशा वेळी शहाणा माणूस कुलूप लावतो.

कुलपाला आम्ही कायद्याचा मुलामाही देत असू. ‘कॉपीराइटचा प्रश्न आहे सर,’ एवढे म्हटले की समोरचा गप्प होई. वस्तुस्थिती उलटी आहे. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याप्रमाणे चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांच्या प्रती व्यापारी भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा असतो. मात्र २०१२च्या दुरुस्तीने ‘व्यापारी भाडे’ या शब्दांची व्याख्या केली आणि त्यातून एक गोष्ट स्पष्टपणे वगळली : कायदेशीररीत्या घेतलेली प्रत नफ्याचा हेतू नसलेल्या ग्रंथालयाने किंवा शिक्षणसंस्थेने नफ्याविना उसनी देणे. अशी संस्था कोणती, तेही तिथेच सांगितले आहे. जिला सरकारी अनुदान मिळते किंवा जिला प्राप्तिकरातून सूट आहे, ती. अनुदानित महाविद्यालय आणि विद्यापीठ यात सरळ बसतात. अमेरिकेने १९८४ साली ध्वनिमुद्रिका भाड्याने देण्याला लगाम घातला, तेव्हा त्यांनीही ना-नफा ग्रंथालयांना असेच बाजूला ठेवले होते. वर्गात दाखवण्याचे म्हणाल, तर ५२व्या कलमात त्याचीही सोय आहे : प्रेक्षक संस्थेचे शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसे एवढेच असतील, तर संस्थेच्या कामाचा भाग म्हणून चित्रपट दाखवता येतो, ध्वनिमुद्रण ऐकवता येते. थोडक्यात, मराठीच्या त्या सरांना मी कॅसेट दिली असती तर कायद्याने माझे काहीच बिघडले नसते.

कायदा जिथे खरोखर आडवा येतो ती जागा वेगळी आहे : प्रत काढणे. उसने देणे आणि नक्कल करणे यांत आम्ही कायम गल्लत केली. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालेल्या वर्षाच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षे संरक्षित असते. चित्रपटाचेही तसेच. ‘मानिनी’ हा चित्रपट १९६१चा, त्यात बहिणाबाईंची गाणी आहेत. चित्रपटाचा हक्क २०२१अखेर संपला. बहिणाबाई १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकरूपाने १९५२ साली आली, तेव्हा शब्दांवरचा हक्क त्याच्याही आधी संपला आहे. चालीवरचा संगीतकाराचा हक्क मात्र त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वतंत्रपणे चालतो. एका तीन मिनिटांच्या गाण्यात अशी तीन-चार घड्याळे वेगवेगळी चालत असतात. ग्रंथपालाने ती पाहावीत, यात शंका नाही. पण ती नक्कल करताना पाहायची. वर्गासाठी चकती देताना नव्हे.

आता खानदेशाकडे येतो, कारण खरा मुद्दा इथे आहे. आपल्या भागाने मराठीला दिलेली दोन मोठी पुस्तके आठवा. एक, बहिणाबाईंची गाणी. त्या लिहीत-वाचत नव्हत्या. सोपानदेवांनी आणि पितांबर चौधरींनी ती ऐकून उतरवली, म्हणून उरली. दुसरे, ‘गीता प्रवचने’. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते जवळजवळ शब्दशः टिपून घेतले. दोन्ही पुस्तके मुळात आवाज आहेत. दोन्ही वेळी जवळ लिहून घेणारे कुणीतरी होते, हा योग. योग नसता तर काय गेले असते याचा हिशेबही आपल्याला लागला नसता.

असे कुणी जवळ नसलेले आवाज किती असतील! आखाजीची झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, कानबाईच्या रात्रीची गाणी, वहीगायन, सातपुड्याकडे गेले की पावरा आणि भिल्ल गाणी. बोली तरी किती. बहिणाबाईंची लेवा गणबोली, पांझरा-तापीकाठची अहिराणी, आणि तिचीही दर वीस कोसांवर बदलणारी रूपे. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली, खानदेशीचे नमुने छापले गेले. २०११च्या जनगणनेत खानदेशी गटाखाली सुमारे १८ लाख ६० हजार माणसांची नोंद आहे. एवढ्या माणसांच्या बोलीचे छापील साहित्य एका मध्यम कपाटात मावेल. बाकी सगळे आवाजात आहे. त्यामुळे ‘आवाज बाहेर दिला जाणार नाही’ असा नियम पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयाला थोडा गैरसोयीचा ठरेल. इथे तो साहित्याच्या मोठ्या भागालाच लागू होतो.

हे माझ्या डोक्यात शिरले ते निवृत्तीनंतर. आमच्या भागातले एक प्राध्यापक, नाव लिहीत नाही, १९९०च्या दशकात लोकगीतांवर पीएच.डी. करत होते. शनिवार-रविवारी मोटारसायकलवर टेपरेकॉर्डर बांधून ते गावोगाव फिरत. प्रबंध झाला, पदवी मिळाली, टंकलिखित प्रत विद्यापीठात जमा झाली. सर गेल्यावर वहिनींचा फोन आला. माळा साफ करताना एक लोखंडी ट्रंक निघाली होती. मी गेलो तेव्हा ती ओसरीवर उघडी पडलेली. आत ४३ कॅसेटी. वहिनी म्हणाल्या, “भाऊ, हाई ठेवानं का टाकी देवानं?” निम्म्यांवर गावाचे नाव होते, काहींवर नुसती तारीख, काही कोऱ्या. तीन कॅसेटींवर नंतर घरातल्या कुणीतरी सिनेमाची गाणी भरली होती. कॅसेटच्या पाठीवर दोन चिमुकल्या प्लॅस्टिकच्या कळ्या असतात. त्या तोडल्या की तिच्यावर पुन्हा ध्वनिमुद्रण होत नाही. सरांनी त्या तोडल्या नव्हत्या. ग्रंथालयात कॅसेट दाखल झाली असती तर शिक्का मारण्याच्या आधी आम्ही ते केले असते.

मी विचारले, सरांनी या आमच्याकडे का दिल्या नाहीत? वहिनींनी सांगितले ते मी विसरणार नाही. सर म्हणायचे, तिथे दिल्या की मलाच परत ऐकायला मिळायच्या नाहीत. माझ्या अकराव्या नियमाने एक कॅसेट कपाटात कोंडली एवढाच माझा समज होता. ४३ कॅसेटी त्याने माळ्यावर कोंडल्या होत्या.

देवघेवीचे धोरण नेहमी एका बाजूने वाचले जाते : ग्रंथालय देते, प्राध्यापक घेतो. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत तो बरेचदा देणारा असतो. विद्यापीठांच्या परिसरातले अनेक अस्सल संग्रह शिक्षकांच्या आणि संशोधक विद्यार्थ्यांच्या घरी आहेत. २००९च्या यूजीसी विनियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणे सक्तीचे केले, त्यातून ‘शोधगंगा’वर देशभरचे प्रबंध वाचायला मिळू लागले. हे मोठेच काम झाले. पण तिथे जाते ती लिखित प्रत. परिशिष्टात गाण्याचे शब्द असतात. चाल, श्वास, मधला हशा, एकीने ओळ विसरल्यावर दुसरीने सावरलेली ओळ, हे सारे ट्रंकेत राहते. जळगावला १९९० साली विद्यापीठ झाले, २०१८मध्ये त्याला बहिणाबाईंचे नाव मिळाले, आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. लोकसाहित्यावर या तीन जिल्ह्यांत जेवढे प्रबंध झाले असतील, तेवढ्या ट्रंका कुठेतरी असणार, एवढे तरी समजून चालावे.

‘कुलपात आहे म्हणजे सुरक्षित आहे’ ही कागदाची समजूत आहे. कागद वर्षानुवर्षे न उघडता राहू शकतो. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाच्या संशोधन मंडळात, समर्थ वाग्देवता मंदिरात, शेकडो वर्षांची हस्तलिखिते आहेत. बाड नीट बांधलेले असेल, वाळवी लागली नसेल, तर उलगडल्यावर अक्षर वाचता येते. फितीचे तसे नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण एका चिकट थराने धरलेले असतात, तो थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू सुटतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर आणि जुलैत कपाटाला ओल. फितीला मागून टेकणारी बोटाच्या नखाएवढी कापडी गादी असते, तिचा गोंद सुकून ती गळते. मग कॅसेट ठीक असूनही आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा येतो. ट्रंकेतल्या नऊ कॅसेटींचे हेच झाले होते. त्यावर उपाय सोपा आहे. चांगल्या कॅसेटचे कवच उघडून फीत त्यात बसवायची. पण त्यासाठी कॅसेट कुणीतरी लावून तर पाहिली पाहिजे! आणि फीत शाबूत असली तरी यंत्र हवे. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या जपानी कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवले. २०१९मध्ये युनेस्कोच्या ‘सर्वांसाठी माहिती’ कार्यक्रमाने आणि ध्वनिसंग्रहालयांच्या ‘आयासा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने जगभरच्या संग्रहांना इशारा दिला की, फिती वाजवण्याची यंत्रे, सुटे भाग आणि जाणकार २०२५च्या आसपास सहज मिळेनासे होतील.

मग द्यावे तर कसे द्यावे? माझ्या मते सगळी गुंतागुंत एका भेदाने सुटते : मूळ फीत आणि वापराची प्रत. मूळ फीत कुणालाही द्यायची नाही, कुलगुरूंनासुद्धा. ती एकदाच, चांगल्या यंत्रावर, कुलूपबंद होण्याआधी उतरवून घ्यायची. आयासाची किमान शिफारस ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटची आहे. या मापाने एकमार्गी ध्वनीचा एक तास सुमारे ५२० मेगाबाइट जागा घेतो. सरांच्या ४३ कॅसेटी साठ-साठ मिनिटांच्या, म्हणजे साऱ्या मिळून २२-२३ गिगाबाइट. एका पेनड्राइव्हचे काम. वेळ मात्र वाचत नाही. तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो, कान देऊन बसावे लागते. त्यानंतर वापराची प्रत शिक्षकाला हवी तितक्या दिवसांसाठी द्यावी. ती हरवली तर नुकसान शंभर रुपयांचे, आणि चौकशीची वेळच येत नाही. हे संग्रहाला दिलेल्या ध्वनिमुद्रणांविषयी झाले. विकत घेतलेल्या व्यापारी चकत्यांची प्रत अशी सर्रास काढता येणार नाही. त्या सरळ मूळच उसन्या द्याव्यात, मुदत तीन दिवसांपासून आठवड्यापर्यंत, आधी नोंदणी करून, आणि परत आल्यावर निदान सुरुवात व शेवट वाजवून पाहाव्यात. यंत्रही सोबत द्यावे. ग्रंथालयाच्या स्वतःच्या नोंदीवरचे यंत्र. भौतिकशास्त्र विभागाच्या नव्हे!

“आता सगळे यूट्यूबवर आहे,” असे तरुण प्राध्यापक म्हणतात. अहिराणी गाण्यांपुरते ते बरेच खरे आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण तिथे असते ते कुणालातरी चढवावेसे वाटलेले, आणि कुणीतरी काढून टाकेपर्यंत. पंचवीस वर्षांपूर्वीची, डीजे नसलेली, नऊ बायकांनी चुलीजवळ बसून म्हटलेली चाल तिथे शोधून पाहावी.

राहिला सर्वांत नाजूक भाग, आणि मी सर्वांत उशिरा शिकलेला. ग्रंथालय, प्राध्यापक आणि कायदा यांच्यापलीकडे एक चौथी व्यक्ती आहे : गाणारी. तिने सरांसाठी म्हटले. वर्गासाठी, मोबाइलसाठी म्हटले नाही. कायद्यातही सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षांचा आहे आणि २०१२पासून आपले नाव लागावे असे म्हणण्याचा अधिकारही तिला आहे. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे लोकसंगीत-अभ्यासाचे संग्रहालय १९८२पासून आहे, आता ते गुरगावला आहे. तिथे संशोधक ध्वनिमुद्रण ठेवतो तेव्हाच ते कुणी, कशासाठी वापरावे याच्या अटी लिहून देतो. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक जमवल्या, बर्नार बेल यांनी त्यांतल्या अनेक ध्वनिमुद्रित केल्या. आज त्या ‘पारी’वर गाणारीच्या नावानिशी, गावानिशी ऐकायला मिळतात. जमवणाऱ्यांनी नावे लिहून ठेवली होती म्हणूनच हे जमले. आमच्या सरांनी गावे लिहिली, नावे थोडीच.

त्या थोड्या नावांच्या मागे मी आणि सरांचा मुलगा गेलो. पांझराकाठच्या एका गावात चौघींपैकी एक भेटली. वय ऐंशीच्या पुढे. मोबाइलवर तिचाच आवाज लावला. पहिल्या कडव्याला ती ओळखेना. दुसऱ्याला ओठ हलू लागले. तिसरे संपायच्या आत तिने टेपमधल्या बाईची चूक दाखवली. मी फॉर्म काढला : हे कुणाला ऐकू द्यायचे? फक्त ग्रंथालयात बसून, की प्राध्यापकांना नेता यावे, की सर्वांना खुले? सुनेने समजावून सांगितले. आजी म्हणाली, आखाजीची गाणी कुणालाही द्या, पोरींनी म्हणावीत. कानबाईची तेवढी श्रावणातच लावा. एरवी मास्तर असो की कुणी, द्यायची नाहीत.

फॉर्ममध्ये असा रकाना नव्हता. मी समासात लिहिले आणि तिचा अंगठा घेतला.